'फ्लुओरेसंट प्रोब'ला मराठीत काय म्हणाल?

सांजवात : भाचीच्या प्रबंधाचा सारांश मराठीत करून देतेय. विषय : अन्नातला आणि जिवंत पेशीतला सल्फर डायॉक्साइड दाखवणारे फ्लुओरेसंट, म्हणजे प्रकाश पडला की स्वतः चमकणारे, प्रोब. मशीनने 'चमकदार चौकशी' असं भाषांतर दिलं! मी 'प्रतिदीप्त शोधक' केलं, तर भाची म्हणते, शोधक म्हटलं की माणूस वाटतो.

नाना_फडताळ : एषणी! सुश्रुताच्या शस्त्रांत आहे. नाडीव्रण, म्हणजे आत नळीसारखी गेलेली जखम, किती खोल गेलाय ते बघायची सळई.

खलबत्ता : नाना, इथे सळई कुठली? प्रोब म्हणजे रेणू. सल्फर डायॉक्साइड पाण्यात विरघळला की बायसल्फाइट होतो. तो बऱ्याच प्रोबांच्या दुहेरी बंधाला जाऊन चिकटतो आणि रेणूची चमक बदलते. कधी रंग पालटतो, कधी विझते. सरळ चुगली आहे ही. 'खबऱ्या रेणू' म्हणा.

सांजवात : खबऱ्या झकास! पण गाइड मला उभं करणार नाहीत.

शुद्धमती : आधी ते 'प्रतिदीप्त' काढा, हिंदीतून उचललंय. 'अनुस्फुरण' म्हणा.

खलबत्ता : म्हणजे शेतकऱ्याला नत्र-स्फुरद-पालाश आठवणार. फॉस्फरसचा इथे काय संबंध?

शुद्धमती : मग फ्लुओरेसन्सचा तरी फ्लोरिनशी काय संबंध? स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५२ साली फ्लुओरस्पार या खनिजावरून तो शब्द पाडला. त्या खनिजाच्या नावात लॅटिन 'वाहणे' आहे, कारण धातू वितळवताना ते घालत. प्रकाशाचं त्यात काहीच नाही. त्यांना चालतं, आपल्याला का नको?

नाना_फडताळ : सल्फर तर आपलाच. शुल्व म्हणजे तांबं, त्याचा अरि, म्हणजे शत्रू, तो शुल्वारि, म्हणजेच गंधक.

खलबत्ता : नाना, उच्चार जुळला की व्युत्पत्ती झाली?

द्राक्षबाग : मी तासगावचा. आमच्याकडे बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, म्हणून तो पिवळा राहतो. सल्फर डायॉक्साइडला नुसतं 'धुरी' लिहिलंत तर आमच्या गावात सगळ्यांना कळेल.

सांजवात : पण हा वायू शरीरातही तयार होतो, सिस्टीन या अमिनो आम्लापासून. पेशीत धुरी कशी लिहू?

द्राक्षबाग : पेशीचं राहू द्या, बेदाण्याचं बोला. युरोपात किलोला १० मिलिग्रॅमच्या वर सल्फाइट, म्हणजे या धुरीचा मागे राहिलेला अंश, असलं तर पाकिटावर छापावं लागतं. एवढ्यासाठी प्रोब लागणारच.

उसाचं_कांडं : गुळाचंही तेच. पिवळा दिसावा म्हणून हायड्रॉस, म्हणजे रंग उजळणारी गंधकयुक्त पावडर, मारतात. आमच्या आजोबांच्या गुऱ्हाळात भेंडीच्या पाण्यानेच मळी वर यायची. गूळ काळपट व्हायचा, पण खावा तर तोच.

नाना_फडताळ : हायड्रॉस नव्हे, आमच्याकडे 'हैड्रोस पावडर'.

उसाचं_कांडं : नाना, डब्यावर काय लिहिलेलं असतं ते बघा की.

नाना_फडताळ : डब्यावरचं मराठी प्रमाण मानायला लागलो तर झालंच!

द्राक्षबाग : भेंडीचं पाणी म्हणजे रानभेंडीच ना? आमच्याकडे खोड ठेचून घालायचे.