आईला हयातीच्या दाखल्याचा खोटा फोन आला. एकट्या राहणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये आणि बँकेत काय काय करून ठेवावं?

मिरजकर_ठाण्यात
नमस्कार मंडळी, आई (वय ७४) मिरजेला एकटी असते. बाबा रेल्वेत होते, त्यांची फॅमिली पेन्शन तिला मिळते. परवा तिला एक फोन आला, माणूस मराठीतच बोलत होता, एकदम अदबीनं, काकू तुमचं जीवन प्रमाण (म्हणजे हयातीचा ऑनलाइन दाखला) अपडेट झालेलं नाही, पुढच्या महिन्यापासून पेन्शन थांबेल, तुम्ही या वयात कुठे हेलपाटे घालणार, मी फोनवरच करून देतो. बाबांचं पूर्ण नाव, रिटायरमेंटची तारीख, पीपीओ नंबरसुद्धा (पेन्शनच्या आदेशावरचा) त्यानं वाचून दाखवला म्हणून तिचा विश्वास बसला. मग व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल पाठवली आणि ती उघडून ओटीपी सांगा म्हणाला. तेवढ्यात शेजारच्या वहिनी आल्या, त्यांनी फोन हातातून घेऊन बंद केला. पैसे गेले नाहीत पण आई फार घाबरलीय, फोन वाजला की दचकते, मावशीचाही उचलत नाही. भाऊ म्हणतो स्मार्टफोन काढून घे आणि बटणांचा दे. मला ते अजिबात पटत नाही, नातवंडांचे व्हिडिओ कॉल, भजनी मंडळाचा ग्रुप, तिचं सगळं जग त्यात आहे. फोन न काढता काय करता येईल ते सांगा.

काउंटरवरचे_काका
मी बँकेतून रिटायर झालोय, पेन्शनचंच काम जास्त केलंय. आधी महत्त्वाचं, ती फाइल इन्स्टॉल झाली होती का ते आजच बघा. नावाच्या शेवटी एपीके असेल तर ते अ‍ॅप असतं, लग्नपत्रिका, आरटीओचं चलन, पीएम किसान अशा नावांनी पण हीच फाइल फिरते. ते बसलं की आलेले मेसेज समोरच्याला परस्पर जातात, मग ओटीपी तोंडानं सांगावासुद्धा लागत नाही. सापडलं तर नेट बंद करून काढून टाका आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून नेट बँकिंग, यूपीआय थांबवा. आणि ##००२# डायल करा म्हणजे कॉल फॉरवर्डिंग कुणी लावलं असेल तर तेही निघेल. नंतर सेटिंगमध्ये जाऊन व्हॉट्सअ‍ॅप आणि ब्राउझरला बाहेरची अ‍ॅप इन्स्टॉल करायची परवानगी बंद करून ठेवा.
हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, ८० पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबरपासून देता येतो. बँकेत जाऊन द्या, पोस्टमनला घरी बोलवा (थोडी फी घेतात), नाहीतर तुम्ही गावी गेलात की तिचा चेहरा दाखवून अ‍ॅपवर करा. फोन करून ओटीपी मागून दाखला कुणीच करत नाही, बँकही नाही आणि पेन्शन ऑफिसही नाही. समोरच्याला पीपीओ नंबर माहीत आहे याला काही अर्थ नाही, असली माहिती कुठून कुठून बाहेर गेलेली असते.
आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे खाती वेगळी करा. पेन्शन जमा होते त्या खात्याला यूपीआय जोडू नका आणि नेट बँकिंग बंदच ठेवा, कारण ते हातात आलं की चोर एफडीसुद्धा ऑनलाइन मोडून घेतो, लोकांना वाटतं एफडी सेफ आहे. किराणा, औषधं, रिचार्जसाठी दुसरं खातं, त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे.

वारणाकाठ
काकांनी सांगितलं ते कराच, पण मला दुसरं सांगायचंय. आमच्या मामांना डिजिटल अरेस्ट केलं होतं. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले असं सांगून सुरुवात, मग व्हिडिओ कॉलवर मुंबई क्राइम ब्रँचचा युनिफॉर्म, मग सीबीआय, कोर्टाचा शिक्का असलेलं पत्र, आणि घरात कुणाला सांगितलंत तर तेही आत जातील. मामा खोलीचं दार लावून बसले. बँकेत आरटीजीएस करायला गेले तेव्हा तिथल्या मॅडमनी विचारलंसुद्धा, तर त्यांना शिकवलेलं उत्तर दिलं की जागा घेतोय. शिकलेला, आयुष्यभर नोकरी केलेला माणूस आहे, भोळा वगैरे नाही.
कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही, २०२४च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी मन की बातमध्येही हे सांगितलं होतं, आणि पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं चालणार नाही असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये बजावलंय. हे मामांना आधी माहीत असतं तर कदाचित वाचले असते. पण पैसे गेल्यावरही त्यांनी दोन दिवस आम्हाला सांगितलं नाही कारण पोरं ओरडतील ही भीती, आणि त्या वेळात पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात गेले. १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन केला तेव्हा थोडीच रक्कम होल्ड झाली, ती सोडवायला कोर्टाची ऑर्डर लागली. लगेच कळवलं असतं तर बरीच जास्त अडकली असती.
म्हणून आईला रागावू नका, तिच्यासमोर भावाबरोबर "हिला काही कळत नाही" असलं बोलणं तर नकोच. काहीही झालं तरी पहिला फोन तुम्हाला करायची तिला भीती वाटता कामा नये.

दुबईत_कोल्हापूरकर
आमच्याकडे घरचा एक शब्द ठरवलाय. मुलगा अडकलाय, अ‍ॅक्सिडेंट झालाय, पोलीस स्टेशनला आहे, लगेच पैसे पाठवा असा फोन आला की आधी तो शब्द विचारायचा, आवाज माझ्यासारखा असला तरी, कारण हल्ली आवाजाची नक्कल सहज करतात. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसीत अनोळखी कॉल सायलेंट करायची सोय आहे ती चालू करा, मावशीचे आणि तुमचे कॉल येतच राहतील. साध्या फोनच्या बाबतीत मात्र मी थोडा तुमच्या भावाच्या बाजूनं आहे, बँकेत नोंदवलेल्या नंबरचं सिम तरी साध्या फोनमध्ये ठेवा, तिथे एपीके चालत नाही.

मिरजकर_ठाण्यात
सगळ्यांचे मनापासून आभार. वहिनींनी बघितलं, फाइल डाउनलोड झालीय पण इन्स्टॉल नाही, डिलीट केली. बँकेच्या नंबरचं सिम साध्या फोनमध्ये ठेवायची आयडिया आवडली, भाऊही तयार झाला. पण दोन खात्यांचं काढल्यावर आई दुखावली, म्हणाली आता माझे पैसेही तुम्हीच सांभाळणार का. आणि दुसरं, ती कधीकधी गावातल्या केंद्रावर अंगठा लावून पैसे काढते, त्यात काही धोका आहे का?

संध्याकाळची_बस
पैसे तिचेच राहू देत ना. यूपीआय सर्कल म्हणून सोय आहे, त्यात साधारणपणे मुलांना जोडतात पण उलटं करा, खातं तुमचं, पेमेंट करणारी आई आणि प्रत्येक पेमेंटला मंजुरी तुमची. रोजच्या खर्चाचे पैसे तुमच्या खात्यातून जातील आणि तिच्या पेन्शनला कुणाचा हात लागणार नाही. असं मांडलं की आमच्या सासूबाईंना पटलं. यूपीआय पिन पैसे देण्यासाठी असतो, पैसे यायला पिन कधीच लागत नाही, हे एवढं वाक्य मात्र तिच्याकडून पाठ करून घ्या.

काउंटरवरचे_काका
अंगठ्याबद्दल. ठशांची नक्कल करून आधारवरून पैसे काढल्याच्या केसेस झालेल्या आहेत, त्यात ओटीपी येतच नाही, पैसे गेल्याचा मेसेज थेट येतो. आधारच्या अधिकृत अ‍ॅपमधून बायोमेट्रिक (अंगठा, डोळे, चेहरा) लॉक करा आणि केंद्रावर जायचं असेल तेव्हा तात्पुरतं उघडा, ते काही मिनिटांनी आपोआप परत बंद होतं. प्रत्येक वेळी केंद्रावरून पावती घ्यायला सांगा. फक्त एक लक्षात ठेवा, लॉक असताना हयातीचा दाखलाही होत नाही, ना अंगठ्यानं ना चेहऱ्यानं, तेव्हा नोव्हेंबरात पोस्टमन येईल त्या दिवशी तुम्ही फोनवर राहून आधी लॉक उघडून द्या, नाहीतर पेन्शन खरंच थांबायची.