मोंढा ते दुबई

‘मराठी माध्यमाच्या बी.कॉम.ला बाहेर कोण विचारतं?’ असं पुष्कळ जण विचारतात. मी परभणीच्या मोंढ्यात (धान्यबाजारात) आडतीवर पट्ट्या, म्हणजे मालविक्रीच्या पावत्या, लिहायचो. सोयाबीनचे कट्टे, वजन, भाव, मग हमाली-तोलाईचा हिशोब. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मालकानं टॅलीची (हिशोबाच्या सॉफ्टवेअरची) सगळी कटकट माझ्या गळ्यात घातली. तीच दुबईच्या नोकरीला कामी आली! अमिरातीत १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के व्हॅट लागला. इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट), रिटर्न कळणारी माणसं तिकडं हवीच होती. तरी पहिल्या दोन मुलाखती इंग्रजीपायी गेल्या (‘अ‍ॅक्रुअल’, म्हणजे पैसे हातात येण्या-जाण्याआधीच जमा-खर्च नोंदवणं, समजावताना त-त-प-प). आता तिथं ३,७५,००० दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के कॉर्पोरेट टॅक्सही आहे, म्हणून टॅक्स पक्का करा. आणि व्हिसाच्या नावाखाली आधी पैसे मागणाऱ्या एजंटाला दारात उभं करू नका. माझे चाळीस हजार तसेच बुडाले.