मासेमारी बंद केल्यावर समुद्र पुन्हा भरतो का?

प्रश्न: कॅनडाने न्यूफाउंडलंडजवळची कॉडची मासेमारी १९९२ साली थांबवली, तरीही तो साठा अनेक दशके पूर्ववत झाला नाही. मग बंदीचा उपयोग तरी काय?

पहिले उत्तर: तेथे बंदी फार उशिरा आली. मोठ्या, वयस्क माद्या लहान माद्यांच्या कितीतरी पट अंडी घालतात. त्याच आधी जाळ्यात गेल्या, तर उरलेल्या माशांना साठा उभा करायला दीर्घ काळ लागतो. याउलट मेक्सिकोतील काबो पुल्मो येथे १९९५ साली सागरी उद्यान झाले, मच्छीमार कुटुंबांनीच ते मनापासून राखले आणि १९९९ ते २००९ या काळात तेथील माशांचे एकूण वजन पाचपटीहून अधिक झाले. माझ्या मते निर्णायक ठरली ती ही राखण.

दुसरे उत्तर: बंदीइतकेच जाळ्याकडेही लक्ष हवे. कोळंबीच्या जाळ्यात अडकलेले कासव श्वासासाठी वर येऊ शकत नाही आणि गुदमरून मरते. जाळ्यात सळ्यांची तिरपी चौकट बसवली, की कोळंबी सळ्यांमधून मागे सरकते आणि कासव झडपेतून बाहेर पडते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. वयस्क माद्यांचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता.