कॉर्मनचा 'फँटॅस्टिक फोर': देखावा कुणाला म्हणता?

जुनी_कॅसेट: काल इथे कुणीतरी लिहिलं, "१९९४चा फँटॅस्टिक फोर म्हणजे गणपतीतला देखावा, हक्क टिकवायला केलेली धूळफेक." डोकं फिरलं, म्हणून निर्माता रॉजर कॉर्मनच्या या कधीच प्रदर्शित न झालेल्या सिनेमावर हा धागा. दहा लाख डॉलरमध्ये चौघा सुपरहीरोंच्या चार शक्ती, वर खलनायक डूम! चौघांपैकी दगडी अंगाच्या थिंगचा रबरी चेहरा नीट बघा. भुवया हलतात, बिचाऱ्याचं दुःख दिसतं. २०१५वाल्यांनी शंभरपट पैसा ओतला, काय मिळालं?

रिकामटेकडा: वाक्य माझंच, आणि माघार नाही. जर्मन निर्माता आयशिंगरचे सिनेमा काढायचे हक्क १९९२ संपता संपता जाणार, म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शूटिंगचा नारळ. शेवटी अंग ताणणारा नायक रीड गाडीतून लांबलचक हात हलवतो, तो सरळसरळ दांडीवरचा हातमोजा आहे हो! आणि डूम मुखवट्याआड काय पुटपुटतो ते त्याच्या आईलाही कळणार नाही.

जुनी_कॅसेट: हातमोज्याबद्दल गप्प बसतो. पण नटांनी पदरमोड करून प्रसिद्धी केली. धूळफेक असेल तर डोळ्यांत गेली त्यांच्याच.

माजघर: अगदी. माझे बाबा ऐंशीच्या दशकात एका मराठी सिनेमात हवालदार झाले होते. महिनाभर राबले, पैसे म्हणे "रिलीजनंतर". आईने वाड्यात पेढे वाटले. सिनेमा डब्यात.

रिकामटेकडा: ताई, वाईट वाटलं. पण लेखी करार करायचा ना?

माजघर: करार? "लेखी द्या" म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कोण बोलावतं? तुम्ही सेटवर कधी चहा तरी वाटलाय का?

विंगेतला: मी नाटकाची प्रकाशयोजना करायचो. करार होता. तीन प्रयोगांचे पैसे अजून यायचेत. करार लॅमिनेट करून ठेवलाय, छान दिसतो.

रिकामटेकडा: बरं बाबा, मीच नालायक! पण विषय काय होता?

जुनी_कॅसेट: विषय हाच. मूळ कॉमिकचे लेखक स्टॅन ली म्हणाले, हा दाखवायचा नव्हताच. आयशिंगर म्हणाले, होता. शेवटी कॉमिकवाल्या मार्व्हल कंपनीच्या अवी अराडने विकत घेऊन गाडला. आपण बघतो त्या चोरट्या कॉप्या, त्याचेही नटांना शून्य.

माजघर: बाबांची चोरटी कॉपीसुद्धा नाही. एक फोटो आहे. त्यात टोपी उलटी घातलीय.

रिकामटेकडा: ...भुवया चांगल्या आहेत. झालं समाधान?

जुनी_कॅसेट: डूमबद्दल बोला आता.

रिकामटेकडा: डूमबद्दल मरेपर्यंत नाही.