मदत हवी आहे: नदीच्या काठाला ‘बँक’ काऊन म्हणते?

वर्धा नदीकाठच्या गावात सातवीला इंग्रजी शिकवतो. काल धड्यात ‘बँक’ शब्द आला, तशी मागच्या बाकावरची पोरगी उभी झाली, “गुर्जी, थडीवर कोण पैसे ठेवते?” सारा वर्ग माझ्याकडे पाहू लागला.

घरी येऊन शोधलं. पैशांची बँक इटालियन ‘बांका’वरून आली, म्हणजे सराफाचं बाक. ‘बँकरप्ट’ म्हणजे मोडलेलं बाक! काठाचा शब्द जुन्या नॉर्स भाषेकडून, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या भाषेकडून आलेला. पण दोन्ही मुळात एकाच जर्मानिक (इंग्रजी-जर्मन ज्यात येते त्या) भाषांच्या घराण्यातले, ‘बेंच’ही त्यांचाच भाऊबंद.

पोरांना हे बोलीतल्या दाखल्यानं पटवायचं आहे. सराफाची ‘पेढी’ तेवढी सुचली. एका शब्दाचे दोन-तीन अर्थ असलेले वऱ्हाडी शब्द कोणाला आठवतात का? सोमवारी तास आहे.