सूज आपोआप ओसरत नाही, शरीर ती आवरतं

रानवाटा: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "सूज ही शरीराची चूक, दिसली की गोळीने दाबायची." अजून राग गेला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. सूज पेटवणं जसं शरीराचं काम, तसं ती आवरणंही. बॉस्टनचे संशोधक चार्ल्स सेरहान हेच दाखवत आलेत. सूज आवरणारी रसायनं सापडत गेली: १९८४ मध्ये लिपॉक्सिन, २००० नंतर रिझॉल्विन, प्रोटेक्टिन, मॅरेसिन. सगळी मेदाम्लांपासून बनणारी. जे प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन सूज चढवतं तेच पुढे न्यूट्रोफिलना, म्हणजे सुजेच्या जागी धावणाऱ्या पांढऱ्या पेशींना, लिपॉक्सिन बनवायला लावतं. मग नवे न्यूट्रोफिल येणं थांबतं, मेलेल्या न्यूट्रोफिलना मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पेशी गिळून टाकतात. पहिल्याच दिवशी गोळीने प्रोस्टाग्लँडिन दाबलंत तर आवरायचा निरोप कोण देणार? २०२२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या प्रयोगात डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी दिलेल्या उंदरांचं दुखणं तेवढ्यापुरतं थांबलं, पण एकूण जास्त दिवस टिकलं.

शिफ्टड्यूटी: उंदरांचं दुखणं आईला सांगू? संधिवात असताना कुणाच्या तरी सांगण्यावरून तिने दोन वर्षं औषध घेतलं नाही, "शरीर बघून घेईल" म्हणून. बोटं वाकली ती वाकलीच. आता तिला पोळी लाटता येत नाही. आणि सगळ्या गोळ्या एका दावणीला बांधू नका. अ‍ॅस्पिरिन कॉक्स-२ या प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या एन्झाइमला चिकटून लिपॉक्सिनचंच भावंड बनवून घेतं, तेही सेरहान यांनीच दाखवलंय. शिवाय माणसाच्या रक्तात ही रिझॉल्विनं इतकी कमी सापडतात की मोजमापावरच अभ्यासकांचे वाद चालू आहेत. ते का गाळलंत?

खारपाटी: रिझॉल्विन बनतं ईपीए-डीएचए या माशांतल्या ओमेगा-३ मेदाम्लांपासून. बांगडा, तारली खा, विषय संपला.

वऱ्हाडी_ठेचा: विषय तुमच्यासाठी संपला. आमच्याकडे बांगडा पोचेपर्यंत त्याचे डोळे पांढरे होतात. जवसाची चटणी आजीपासून खातोय.

खारपाटी: जवसातल्या ओमेगा-३ चं शरीरात डीएचए जवळपास होतच नाही. आणि मासा आम्हाला तरी कुठे मिळतो? मोठ्या जाळ्यांचे पर्ससीनवाले बाहेरच थवे घेरतात, किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीला काय उरतं? माझ्या काकांनी होडी विकली.

वऱ्हाडी_ठेचा: काकांचं वाईट वाटलं. पण त्यात जवसाचा काय गुन्हा? शाकाहारी माणसाची सूज काय उतरतच नाही? आमचे आजोबा ऐंशीव्या वर्षी वखर धरायचे.

शिफ्टड्यूटी: दोघंही थांबा. व्हायटल नावाच्या अमेरिकी औषध-चाचणीत २५,८७१ लोक होते, ओमेगा-३ वाल्यांना रोज १ ग्रॅम दिलं. हृदयाच्या मोठ्या दुखण्यांत ठोस फरक पडला नाही.

खारपाटी: ती कॅप्सूल होती, मासा नव्हे. आणि तुम्ही आकडा हृदयाचा दिलात, सुजेचा नाही.

रानवाटा: शिफ्टड्यूटी, अ‍ॅस्पिरिनचं मान्य. मोजमापाचा वाद मी गाळायला नको होता. संधिवातात आवरण्याची यंत्रणाच कमी पडते, तिथे औषध टाळणं घातक. मी मुरगळलेल्या घोट्याबद्दल बोलत होतो.

शिफ्टड्यूटी: तुमच्या पोस्टमध्ये "घोटा" हा शब्द शोधून दाखवा. माझ्या आईसारखं कुणीतरी ती वाचून गोळ्या बंद करेल. आधी ती दुरुस्त करा, मग बोलू.

रानवाटा: करतो. पण "सूज ही चूक" हे मी मान्य करणार नाही.