सुट्टीत ऑनलाइन प्रशिक्षण करावं, की सुट्टी सुट्टीच राहू द्यावी? (शॅडो टीचर म्हणजे वर्गात एका मुलासोबत बसणारे सहायक शिक्षक, समुपदेशक, मदतनीस यांच्यासाठी)

उंबरठा (धागाकर्ती)

सत्र संपत आलं की फोनवर एक यादी येते. बालसंरक्षण, स्वमग्नता, अतिचंचल मुलं, आघाताचा वागण्यावर होणारा परिणाम. सगळे ऑनलाइन कोर्स, आणि खाली ओळ : 'शाळा उघडण्यापूर्वी पूर्ण करावेत.' यादी आली की स्टाफरूममध्ये दोन तट पडतात. मी 'सुट्टीत शिकावं' म्हणणाऱ्यांतली आहे. विरोधातलं मत सविस्तर ऐकायचंय, म्हणून धागा काढलाय.

माझं म्हणणं असं. आपलं काम मुलाला धडा शिकवण्याचं कमी आणि त्याला शाळेत टिकवून धरण्याचं जास्त. सत्र चालू असताना लक्ष सतत त्या मुलावर असतं आणि ते तिथंच असायला हवं. अशा दिवसात मधल्या सुट्टीत व्हिडिओ पुढं ढकलत पाहायचा, शेवटची क्विझ उरकायची आणि सर्टिफिकेट डाउनलोड करायचं, याला शिकणं म्हणता येत नाही. सुट्टीत मात्र व्हिडिओ मध्येच थांबवता येतो. एखाद्या वाक्यापाशी घुटमळता येतं.

एक उदाहरण देते. एक मुलगा वर्गातून पळायचा. गणिताच्या तासाला पळतो, असं सगळ्यांचं मत होतं. प्रसंगाआधी काय घडलं, त्यानं काय केलं, त्यानंतर काय झालं, अशी तीन रकान्यांची नोंद आम्ही रोज ठेवायचो, पण ते सगळे कागद एकत्र पसरून पाहायला सत्रात कुणालाच सवड नव्हती. सुट्टीत वर्तनावरचा एक कोर्स करताना मी ते घरी केलं. गणिताचा काही संबंध नव्हता. आधी न सांगता एक काम थांबवून दुसरं सुरू केलं की तो पळत होता. मग 'आधी हे, मग ते' असा चित्रांचा तक्ता केला आणि शाळा उघडल्यावर पहिल्या दिवसापासून वापरला. पळणं एकदम थांबलं नाही, पण कमी झालं, आणि तो कधी पळेल याचा आम्हाला अंदाज येऊ लागला. तोच कोर्स भर सत्रात केला असता तर त्या कागदांपर्यंत मी पोचले नसते.

म्हणून मत : सुट्टीत एकच विषय घ्यावा, एकच मूल डोळ्यांसमोर ठेवावं आणि शांतपणे शिकावं. दहा कोर्सची यादी मलाही मान्य नाही.

कोरी_पाटी

ठाम असहमत.

तुमचं उदाहरण चांगलं आहे, पण त्यातून सुट्टीची बाजू सिद्ध होत नाही. सत्रात नोंदी वाचायला वेळ दिला जात नाही, एवढंच सिद्ध होतं. ते काम शाळेचं होतं. तुम्ही ते स्वतःच्या सुट्टीतून भरून काढलंत.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात 'बर्नआउट'चा समावेश आहे. आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. तिच्या तीन खुणा दिल्या आहेत : शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. आपल्या कामात दुसरी खूण सगळ्यात धोक्याची. मदतनीसाचं मन तुटलं तर ते पहिल्यांदा त्या मुलाला कळतं.

सबीने झोनेनटाग या मानसशास्त्रज्ञांनी विश्रांतीवर बरंच संशोधन केलंय. शरीरानं कामापासून दूर जाणं पुरत नाही, मनानंही दूर जावं लागतं, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. आता सांगा, आघातावरचा कोर्स लावल्यावर मन दूर कसं जाणार? पहिल्या पाच मिनिटांत तुमच्या वर्गातली तीन मुलं डोळ्यांपुढं येतात.

आणि पैशांचं काय? आपल्यातले कितीतरी जण तासांवर किंवा सत्रापुरते नेमलेले असतात. त्यांना सुट्टीचा पगारच नसतो. मानवी हक्कांच्या 1948 च्या जाहीरनाम्यातलं 24 वं कलम विश्रांतीचा आणि ठरावीक काळानं पगारी सुट्टीचा हक्क सांगतं. इथं सुट्टी बिनपगारी, आणि वर तिच्यात बिनपगारी अभ्यास. याला व्यावसायिक विकास हे नाव देऊ नये.

घंटा_झाली

+१. माझी स्वतःची दोन मुलं सुट्टीत घरीच असतात. दुसऱ्यांच्या मुलांना कसं समजून घ्यावं हे शिकण्यासाठी स्वतःच्या मुलांना 'थांब जरा' म्हणत राहायचं, हे मला जमत नाही आणि जमवायचंही नाही.

साकव

मी उंबरठाताईंच्या बाजूनं. माझ्या शाळेत या कामाला मी एकटाच आहे. विशेष शिक्षक नाही, समुपदेशक आठवड्यातून एकदा येणार म्हणतात आणि येत नाहीत. मला विचारायला माणूसच नाही. चित्रांची देवाणघेवाण करून बोलतं करण्याची पद्धत (अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी 1985 मध्ये मांडलेली) मी पहिल्यांदा ऑनलाइनच पाहिली. न बोलणाऱ्या मुलीनं चित्र उचलून समोरच्याच्या हातात द्यायचं, आणि त्याच क्षणी तिला ती वस्तू मिळायची. पहिल्या टप्प्यात 'काय पाहिजे?' असं विचारायचंसुद्धा नाही, कारण सुरुवात तिच्याकडून व्हायला हवी. ही बारीक गोष्ट मला कोण सांगणार होतं? सत्रात घरी पोचेपर्यंत डोळे मिटत असतात. मला सुट्टीच उरते.

पण एक भर घालतो. काही गोष्टी पडद्यावर शिकून होत नाहीत. फेफऱ्याचा झटका आलेल्या मुलाला कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये, वेळ पाहावी, पाच मिनिटांच्या वर गेलं तर तातडीची मदत बोलवावी, हे सगळं ऑनलाइन कळतं. पण प्रत्यक्षात वर्ग ओरडत असतो आणि घड्याळाकडं पाहायचंच विसरतं. गिळायला त्रास होणाऱ्या मुलाला भरवणं, व्हीलचेअरवरून उचलणं, यांचंही तसंच. पोहणं काठावर बसून येत नाही. या गोष्टींच्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर कुठल्याही शाळेनं विसंबू नये.

रातवा

मी शाळा-समुपदेशक आहे. वेळ आणि पैसे यांवर चर्चा झालीच आहे, मला तिसऱ्याच गोष्टीची काळजी वाटते आणि ती कुणी बोलत नाही.

आपल्या यादीतले अर्धे विषय मन हलवणारे असतात. लैंगिक शोषणाच्या खुणा, घरातली मारहाण, स्वतःला इजा करून घेणारी मुलं. हे मॉड्यूल माणूस सुट्टीत कधी पाहतो? घरातले झोपल्यावर, एकटा, कानात हेडफोन घालून. त्यात मुलांच्या खऱ्या अनुभवांवर आधारलेले प्रसंग असतात. प्रत्यक्ष प्रशिक्षणात अशा भागानंतर प्रशिक्षक थांबतो, चेहरे पाहतो, कुणी बाहेर गेलं तर मागे जातो. ऑनलाइनमध्ये 'पुढे' असं बटण असतं.

दुसऱ्यांच्या वेदनेशी रोज संबंध येणाऱ्यांना त्या वेदनेची झळ लागते, हे चार्ल्स फिगली यांनी 1995 च्या सुमारास सविस्तर मांडलं. करुणेचा थकवा असं त्याला म्हणतात. शिवाय या कामात येणाऱ्यांपैकी काहींचं स्वतःचं लहानपण सोपं नसतं. बऱ्याचदा म्हणूनच ते या कामात आलेले असतात. माझ्याकडे अशी माणसं कोर्स झाल्यावर येतात. ती मुलांबद्दल बोलायला सुरुवात करतात आणि थोड्या वेळानं स्वतःबद्दल बोलू लागतात. सत्र चालू असेल तर निदान येतात तरी. सुट्टीत ती कुणाकडे जाणार?

दुसरा धोका अर्धवट समजुतीचा. 1998 मध्ये विन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट आंडा यांचा बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. असे अनुभव जितके जास्त, तितकं मोठेपणी आरोग्याच्या तक्रारींचं प्रमाण जास्त, हा त्यातला निष्कर्ष आता जवळजवळ प्रत्येक कोर्समध्ये असतो. तो पाहून आलेले सहकारी मुलांचे 'गुण' मोजायला लागतात. याचे सहा, त्याचे चार. पण तो अभ्यास समूहांबद्दल आहे. एकेका माणसाचं भविष्य त्या आकड्यावरून ठरवू नये, असं आंडा यांनी सहलेखकांसोबत 2020 मध्ये स्वतःच लिहिलंय. कोर्समध्ये हे सांगितलं असलं तरी एकट्यानं पाहणाऱ्याच्या लक्षात आकडा राहतो, इशारा राहत नाही. शेजारी बसलेलं कुणी 'थांब, असं नाही ते' म्हणायला हवं.

त्यामुळे माझ्या मते जड विषय सुट्टीत एकट्यानं करायला लावणं हा निष्काळजीपणा आहे. संवादाची साधनं, चित्रतक्ते, नोंदी कशा लिहाव्यात, असे विषय सुट्टीत खुशाल करा.

पिंपळपान

रातवा, नेमकं लिहिलंत. एक जोडते : बऱ्याच कोर्समध्ये 'तुमचा अनुभव इथे लिहा' अशी चौकट असते आणि लोक तिथं मुलाची अख्खी हकिगत लिहितात. नाव नसतं, पण वर्ग, वय, घरची परिस्थिती सगळं असतं. ओळखीच्याला मूल लगेच कळतं. उंबरठाताई, घरी कागद पसरल्याचं लिहिलंय तुम्ही. शाळेच्या नोंदी घरी नेण्याची परवानगी असते का?

उंबरठा

पिंपळपान, मुख्याध्यापकांच्या परवानगीनं, नावं काढलेल्या प्रती होत्या. प्रश्न योग्य आहे, आणि मुलाचं नाव असलेला कागद कुणीच घरी नेऊ नये.

रातवा, जड विषय वेगळे काढण्याची अट मला मनापासून पटते. यादीवर तसं लिहूनच यावं : हे एकट्यानं करू नका, हे जोडीनं करा, यानंतर बोलायला अमुक व्यक्ती उपलब्ध आहे.

कोरी_पाटी, पगाराबद्दल वाद नाहीच. सक्ती असेल तर ते काम आहे आणि कामाचे पैसे मिळायला हवेत. पण तुम्ही सुट्टीतलं शिकणं सरसकट विश्रांतीच्या विरोधात उभं करताय, ते मला मान्य नाही. बर्नआउटची तिसरी खूण तुम्हीच लिहिलीत : आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. मला सत्राच्या शेवटी सगळ्यात जास्त थकवते ती हीच भावना. त्या मुलाचं पळणं मला समजलं तेव्हा जो हुरूप आला तो नुसत्या झोपेनं आला नसता. काहींसाठी समजणं हाच विसावा असतो.

कोरी_पाटी

काहींसाठी, हो. पण यादी सगळ्यांना येते. ज्याला शिकून बरं वाटतं तो यादी नसतानाही शिकतो. जो करणार नाही त्याला शाळा उघडल्यावर 'अजून झालं नाही?' असं विचारलं जातं, अडचण तिथं आहे.

आणि शिकलेलं टिकतं का, तेही बघा. हर्मन एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्यानं विसरतं, नंतर सावकाश. त्यांनी निरर्थक अक्षरजोड्या पाठ केल्या होत्या, आपल्या विषयांचं थोडं बरं असेल. तरीही सुट्टीच्या सुरुवातीला केलेला कोर्स, मध्ये एकही मूल समोर नाही, आणि मग थेट वर्ग. काय उरणार? शिक्षक-प्रशिक्षणावर ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी 1980 च्या दशकात हेच दाखवून दिलं होतं की नुसतं सांगणं आणि दाखवणं वर्गापर्यंत फारसं पोचत नाही. वर्गात सोबत उभं राहून कुणी मदत केली तर पोचतं. ती सोबत सत्रातच मिळू शकते.

साकव

सोबत करायला माणूस असेल तर. माझ्याकडे नाही हो. आदर्श व्यवस्था येईपर्यंत त्या न बोलणाऱ्या मुलीनं थांबायचं का?

विसरण्यावर मी एक करतो. प्रत्येक भाग संपला की 'असं झालं तर मी असं करीन' असं एकच वाक्य लिहून ठेवतो. पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनात अशा जर-तरच्या नेमक्या योजनेमुळे ठरवलेलं प्रत्यक्षात उतरण्याची शक्यता वाढते असं दिसलंय. 'तिनं हात ओढला, तर मी न बोलता चित्र पुढे करीन.' शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी ती वाक्यं वाचतो. कोर्स बराचसा विसरलेला असतो, पण ही वाक्यं सापडतात.

घंटा_झाली

साकव, तुमची अडचण खरी आहे. पण तुमच्या शाळेला माणूस नेमायचा नाही म्हणून तुमची सुट्टी खर्च होतेय, आणि तुम्ही निभावून नेताय म्हणून शाळेला तो कधीच नेमावासा वाटणार नाही. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं.

पाणवठा

मी एका शाळेत प्रशिक्षणाचं नियोजन बघते. धागा पूर्ण वाचला. आमच्याकडे पुढच्या सत्रासाठी दोन पर्याय मांडलेत. एक, शाळा उघडण्याआधीचे दोन दिवस पगारी धरायचे, सगळ्यांनी शाळेतच बसून ऑनलाइन भाग एकत्र पाहायचा आणि लगेच बोलायचं. जड विषय फक्त तेव्हाच. दोन, सुट्टीतला अभ्यास पूर्ण ऐच्छिक ठेवायचा, आणि जो करील त्याला सत्रात तेवढे तास मुलांशिवाय मोकळे द्यायचे. दुसऱ्या पर्यायात मोकळ्या तासांत मुलाजवळ कोण थांबणार, हे अजून सुटलेलं नाही. कोरी_पाटी, तुम्ही पहिल्याच्या बाजूनं असाल असं वाटतं, पण तासांवर नेमलेल्यांना त्या दोन दिवसांत कसं धरायचं ते सांगा. तिथंच आमची बैठक अडली आहे.

कोरी_पाटी

तासांवरच धरा. रोजच्या दरानं, आणि यायचा-जायचा खर्च वेगळा. नेमणुकीच्या पत्रातच ते दोन दिवस लिहा, म्हणजे दर वर्षी मागावे लागणार नाहीत. दुसरा पर्यायही टाकून देऊ नका. मुलाजवळ कोण थांबणार, हे तर सत्र सुरू व्हायच्या आधीच ठरलेलं असायला हवं; मदतनीस आजारी पडली तरी तोच प्रश्न येतो.